हातानं टाकलेला सर्व्हर

नाना कुठल्याही नव्या वस्तूला पहिल्यांदा हाताच्या उलट्या बाजूनं शिवायचे. कॉम्प्युटरचं कपाट असो, दाराची कडी असो, नाहीतर चहाचा पेला. आधी बोटांची मागची बाजू, आणि मग खात्री पटली तर तळहात.

"तळहातानं धरलं अन् त्यात करंट असला, तं मूठ वळते भो. वळली का मंग सुटत नही. उलटा हात आपसूक मागं येतो."

हे त्यांनी मला माझं नाव विचारायच्या आधी सांगितलं. मी सिल्वासाच्या एका सुताच्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात रुजू व्हायला आलो होतो आणि उत्साहाच्या भरात समोरच्या लोखंडी कपाटाला सरळ हात लावला होता. मला वाटलं, कपाटात करंट आहे. नव्हता. नानांचं म्हणणं एवढंच, की तो नाही हे मला ठाऊक नव्हतं.

नाना हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव मी लिहिणार नाही. त्या नावाची जेवढी शोभा व्हायची तेवढी माझ्यामुळे आधीच झाली आहे. माणूस जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. उंच, किंचित वाकलेला, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि पेन शेजारी शेजारी. वीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या कारखान्यांतली वीज सांभाळली होती. आमच्या कारखान्यात पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांचं वायरिंग नानांनी केलं. ते चालवायला मुंबईहून आलेले साहेब दोन महिन्यांत सिल्वासाला कंटाळून पळाले, आणि रिकाम्या खुर्चीवर मॅनेजरनी नानांना बसवलं. नाना शेजारी इंग्रजी शब्दकोश घेऊन जाडजूड मॅन्युअलं वाचायला लागले. वयाच्या पंचेचाळिशीत त्यांनी हे सगळं शिकून घेतलं, आणि मी पदवी घेऊन आलो तरी मला जे येत नव्हतं ते त्यांना येत होतं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "पह्यले सगळं बंद. मंग लागीन तेवढंच उघडाचं."

विजेच्या पॅनेलवर काम करताना हेच करतात. आधी सगळे स्विच खाली, मग एकेक वर. नानांनी ते कॉम्प्युटरला लावलं, एवढंच. पण एखादी गोष्ट अंगात मुरली की ती माणूस कुठंही लावतो. दादऱ्याच्या रस्त्यावर एक गुजराती थाळीचं हॉटेल होतं. तिथं वाढप्या चार वाट्या, फरसाण, मिठाई घेऊन आला की नाना ताटावर आडवा हात धरायचे. "सगळं उचल. ताट रिकामं पाहिजे. मी मागीन ते दे."

"काका, आ तो फिक्स थाळी छे. बधुं साथे ज आवे," सगळं एकदमच येतं हे सांगताना वाढप्या रडकुंडीला यायचा.

"बधुं मी मागितलं का?" नाना शांतपणे विचारायचे. मग एक भाकरी, एक भाजी, थोड्या वेळानं डाळ. आमच्या मागून आलेली दोन टेबलं जेवून उठायची तरी आम्ही ताकापर्यंत पोचलेलो नसायचो. मी लाजेनं मान खाली घालून बसायचो. तुम्हीही अशा कुणाबरोबर जेवला असाल, तर तुम्हाला कळेल.

कारखान्यात वेब सर्व्हर बसवायचं ठरलं ते नव्वदच्या दशकात, इंटरनेट हा शब्द पेपरात नुकता येऊ लागला होता तेव्हा. आमचा सर्व्हर काही जगासाठी नव्हता. कारखान्यातल्या पंधरा-वीस कॉम्प्युटरवर आणि मुंबईच्या हेड ऑफिसात बसून रोजचं उत्पादन, सुताच्या तपासणीचे निकाल पाहता यावेत, एवढ्यासाठी होता. वेब सर्व्हर म्हणजे काय, ते नानांनी मॅनेजरना असं समजावलं होतं: "खिडकीवर बसेल कारकून समजा साहेब. जो कागद मागतीन तो काढून देतो. कोणता नही द्याचा, हे त्याले आपनच सांगून ठेवाचं."

तो टाकायच्या दोन तऱ्हा होत्या. एक, सीडी घालायची आणि ती विचारेल त्याला होकार देत बटण दाबत जायचं. सगळं आपोआप बसतं. दुसरी, एकेक फाइल स्वतः जागेवर ठेवायची, सेटिंगची फाइल स्वतः ओळ न् ओळ लिहायची. पहिल्या तऱ्हेला अर्धा तास पुरतो, दुसरीला दोन दिवस लागतात. आपोआप टाकलेल्या सर्व्हरवर कंपनीनं नमुन्याची पानं ठेवलेली असतात, पाहुण्याचं खातं उघडं असतं, आणि पत्त्यापुढं काहीच लिहिलं नाही तर डिस्कवरच्या फायलींची सगळी यादी समोर येते. बनवणाऱ्यांना वाटतं, गिऱ्हाइकाला अडायला नको.

अकाउंट्समधला एक जण असाच काहीतरी टाकताना धडाधड बटण दाबत होता. नाना मागं उभे राहिले. "ते मशीन तुले इचारू राह्यलं, अन् तू न वाचता हो हो म्हनू राह्यला. लग्नातबी मानूस इतक्या येळा हो म्हनत नही."

पहिला सर्व्हर नानांनी हातानं टाकला. मी शेजारी बसून होतो. सेटिंगच्या फाइलची पहिली ओळ त्यांनी लिहिली ती सगळ्यांना सगळं बंद करणारी. मग उत्पादनाचं एक फोल्डर उघडलं, मग तपासणीचं. बाकी काही नाही. दोन दिवस लागले. केलेलं सगळं त्यांनी एका वहीत उतरवून ठेवलं, आणि संध्याकाळी घरी निघताना मला म्हटलं, "आता पुढचा तू टाकशीन."

ते सगळ्यांचं काम तपासायचे. माझंही तपासत. पण वर्षभरानं एक दिवस मी काही करून त्यांच्याकडे दाखवायला नेलं, तर त्यांनी वरही पाहिलं नाही. "तुह्यं मी पाहत नही आता." मला ते बढतीपेक्षा मोठं वाटलं. बायकोला घरी जाऊन सांगितलं, तर ती म्हणाली, "न पाहणं हे कौतुक कसं?" तिला काय कळतंय, असं मला वाटलं होतं.

नाना धाकट्या मुलीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेले आणि दुसऱ्याच दिवशी सर्व्हरची डिस्क बिघडली. डेटाची प्रत होती, पण सर्व्हर नव्यानं टाकायला हवा होता. सोमवारी मुंबईहून मोठे साहेब येणार होते. नानांना फोन लावला. मागं सनई वाजत होती. "हातानं टाक," ते ओरडून म्हणाले, "वही कपाटात हाये. घाई करू नको."

मी हातानंच टाकायला घेतलं, हे खरं आहे. शुक्रवारचा दिवस गेला. सेटिंगच्या फाइलमध्ये कुठंतरी चुकत होतं आणि सर्व्हर सुरूच होत नव्हता. शनिवारी दुपारी मी हात टेकले. सीडी घातली आणि पहिलं बटण दाबलं. अर्ध्या तासात पडद्यावर "अभिनंदन" असं पान आलं. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! सोमवारचं होऊन जाऊ दे, मग सवडीनं हातानं करू, असं मी स्वतःला बजावलं. सवड तुमच्या-आमच्या आयुष्यात जशी मिळते तशीच मिळाली.

नाना आले. बुंदीचे लाडू आणले होते. लाडू माझ्या हातावर ठेवता ठेवता विचारलं, "हातानं टाकलं ना?"

"हो नाना," मी म्हणालो.

तोंडात लाडू होता. पुढं काही बोलायचं असतं तरी बोलता आलं नसतं, असं मी पुढं किती तरी वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यांनी सर्व्हर उघडूनही पाहिला नाही.

तीन आठवड्यांनी एका सकाळी कारखान्याच्या फाटकावर एक छापील यादी चिकटवलेली दिसली. चौसष्ट नावं. पुढच्या महिन्यात ज्यांना कामावरून कमी करायचं होतं, त्यांची. यादी कार्मिक विभागाच्या साहेबांनी स्वतः टाइप केली होती आणि सुरक्षित जागा म्हणून सर्व्हरच्या डिस्कवर ठेवली होती. तिथं ती बंद फोल्डरमध्ये आहे, अशी त्यांची समजूत होती. हातानं टाकलेल्या सर्व्हरवर ती खरी ठरली असती.

बरीच नावं सुरंगी आणि त्या बाजूच्या गावांतल्या माणसांची होती. कंपनीच्या बसनं येणारे ते सगळे आत न जाता फाटकाशीच बसले. नानांचं त्यांच्याशी चांगलं होतं. बसमध्ये ते त्यांच्यातच बसून यायचे. म्हणून मॅनेजरनी नानांना त्यांची समजूत घालायला पाठवलं.

मी आत एकटाच होतो. पॅकिंग खात्यातल्या कॉम्प्युटरवर गेलो आणि सर्व्हरचा नुसता पत्ता टाइप केला, पुढं काही नाही. सगळी डिस्क समोर उलगडली. यादी तिसऱ्या ओळीत होती. पॅकिंगमधल्या कुणालाही ती दिसली असती. नुसतं चुकून बटण दाबलं तरी.

मी धावत परत आलो, सर्व्हर काढून टाकला आणि नानांची वही उघडून तो हातानं टाकला. सवा तासात झालं. एकही ओळ चुकली नाही. शुक्रवारी दिवसभर जे जमलं नव्हतं, ते भीतीनं सवा तासात जमवलं. आणि फायलींवर जुनी तारीख पडावी म्हणून काम सुरू करायच्या आधी मशीनचं घड्याळ मागं, त्या शनिवारवर नेलं, आणि झाल्यावर पुन्हा जागेवर आणलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आळशीपणा माणसाकडून होतो, चूकही होते. घड्याळ मागं नेणं ही चूक नव्हती.

दुपारी नाना फाटकावरून आले, घामानं निथळत, आणि सरळ सर्व्हरसमोर बसले. सेटिंगची फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. तारखा पाहिल्या. मग माझ्याकडे वळून हसले. "वा रे वा. माह्याहून चांगलं टाकलं तू."

दुसऱ्या दिवशी मुंबईचे मोठे साहेब चौकशीला आले. नाना आणि मी त्यांच्यासमोर उभे होतो. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यानं नानांना सुटायची वाट दाखवली होती.

"नाना, सर्व्हरचं काही उघडं राहून ही यादी कुणाला दिसली असेल का? तसं असेल तर तसं सांगा. नवीन यंत्र आहे, होतं असं."

"नही साहेब," नाना म्हणाले. "हातानं टाकेल हाये. मी सोता काल पाहिलं, ओळ न् ओळ. त्याच्यातून काही जानार नही."

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम काढून दिली."

नानांच्या बोलण्याचा दुसरा अर्थच होत नव्हता, हे त्यांना तिथं उभं राहून कळत गेलं. मला ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं.

"पासवर्ड कुणाकुणाकडे आहे?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेही तो पासवर्ड होता. "माह्याकडे," ते म्हणाले. "माह्या एकट्याकडे."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते एकच खोटं. तेव्हा मी बोलायला हवं होतं. तीन शब्द पुरले असते. माझी बायको तेव्हा सहा महिन्यांची गरोदर होती, नोकरी पहिलीच होती, हे सगळं खरं आहे, आणि त्यातलं काहीही कारण म्हणून मला स्वतःला पटत नाही. मी जमिनीवरच्या फरशा पाहत उभा राहिलो. बसमध्ये कामगारांत बसणारा माणूस, पासवर्ड त्याच्या एकट्याकडे. साहेबांनी फार वेळ घेतला नाही. पोलिसांत देत नाही, राजीनामा द्या, म्हणाले.

कामगारांची कपात तेवढी पुढं ढकलली गेली. आणि मग जे झालं त्यानं नाना खरे खचले. सुरंगीची दहा-बारा माणसं सिल्वासातच आमली भागात असलेल्या त्यांच्या खोलीवर आली. बरोबर बांबूची नवी टोपली, त्यात वालाच्या शेंगा आणि पाय बांधलेली कोंबडी.

"नानासाहेब, तुमी यादी दाखवली म्हणून कळला आमाला. नाय तर सरळ गेटवरच अडवला असता."

"मी नही केलं रे भो," नाना म्हणाले.

ती माणसं हसली. असं उघड बोलायचं नसतं, हे त्यांना कळत होतं. एका म्हाताऱ्यानं तर वाकून पायाला हात लावला. नाना मागं सरकले, भिंतीला टेकले. "अरे मी नही केलं! देवाशपथ नही केलं!" त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. कारखाना त्यांना चोर म्हणत होता, ही माणसं देव म्हणत होती, आणि त्यांनी काहीच केलेलं नव्हतं. कोंबडी कोपऱ्यात कलकलत राहिली. काकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोनं, सगळ्यांना चहा दिला.

सामान टेम्पोत चढवायला मी गेलो होतो. ट्रंका उचलल्या, दोऱ्या बांधल्या. अंगात जेवढी ताकद होती तेवढी लावली. सगळं झाल्यावर नाना टेम्पोशी उभे राहिले. राग, दुःख काही नव्हतं चेहऱ्यावर. एक हिशेब सुटत नसल्यासारखे कपाळाला आठ्या घालून उभे होते.

"नोकरीचं जाऊ दे," ते म्हणाले. "पन कुठून गेली असीन रे?"

"कळत नाही नाना," मी म्हणालो.

"तुह्यं बरोबर होतं. म्हंजे माह्या वहीतच काही राह्यलं असीन. मी शिकोलं तेच कच्चं."

त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि ते ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

त्या वेळी मला वाटलं होतं, हे निघून गेले की ओझं उतरेल. उतरलं नाही. सर्व्हर रूममध्ये मी एकटा असलो की मागं कुणीतरी उभं राहून पडदा वाचतंय असं वाटायचं. मी वळून पाहत नसे. कोणी नाही हे पाहिलं असतं तर जास्त भीती वाटली असती. वर्षभरात ती नोकरी सोडली आणि पुण्याला आलो. तिथं एकदा मुलीला मांडीवर घेऊन बसलो असताना तिनं मान वर करून सहज माझ्याकडे पाहिलं, आणि त्याच आठवड्यात मी जळगावकडची गाडी पकडली. सांगायचंच, असं ठरवून.

घर सापडलं. ओसरीवर विजेच्या मोटारी भरायचं सामान, तांब्याच्या तारेची रिळं. काकू बाहेर आल्या. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं.

"चार महिने झाले," त्या म्हणाल्या. "झोपेतच गेले. तुमचा पत्ता नव्हता भाऊ, नही तं कळवलं असतं. तुमचं लई नाव काढत."

मला बसायला सांगून त्या आत गेल्या आणि वह्या घेऊन आल्या. शाळेतल्या पोरांच्या असतात तसल्या, शंभर पानी. सात वह्या. मी पहिली उघडली. त्या सर्व्हरची सेटिंगची फाइल नानांनी आठवून आठवून हातानं लिहिली होती. एकेका ओळीखाली ती ओळ काय करते, ती फसवायची तर कशी फसवता येईल, याचा विचार मराठीत लिहिलेला. आणि प्रत्येकाच्या शेवटी, "इथून नही." फाइल संपली की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वहीत तेच. पाचव्या वहीत अक्षर थरथरायला लागलं होतं.

"रोज सकाळी घेऊन बसत," काकू म्हणाल्या. "म्हने, माह्याकडून कुठं तरी भोक राह्यलं. ते सापडलं का मी सुटलो. तुमी त्यातले हाये. तुमाले सापडते का पाहा. त्यायले तं सांगता येनार नही, पन मले कळीन."

जे भोक ते दोन वर्षं शोधत होते, ते त्या फाइलमध्ये नव्हतंच. कारण ज्या दिवशी यादी बाहेर गेली, त्या दिवशी ती फाइल सर्व्हरवरच नव्हती. एवढंच सांगायचं होतं. काकू समोर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून, वाट पाहत.

"बघतो काकू," मी म्हणालो. वह्या पिशवीत घातल्या आणि चहा घेऊन निघालो.

त्यानंतर दर दिवाळीच्या सुमारास काकूंचं कार्ड यायचं. अक्षर नातीचं. घरची खुशाली, पाऊसपाणी, आणि शेवटी एक ओळ: "ती चूक सापडली का?" मी उलट टपाली उत्तर पाठवायचो: "शोधतो आहे."

गेली तीन वर्षं कार्ड आलेलं नाही. तरी दिवाळी आली की मी कोरं कार्ड आणून टेबलावर ठेवतो आणि त्यावर काकूंचा पत्ता लिहितो.